बिनतापाची कावीळ

आंधळगावात येऊन बायजाबाईचं घर विचारलं, की समोरचा माणूस आधी तुमचे डोळे बघतो. पिवळे असतील तर मुकाट्यानं बोट दाखवतो. नसतील तर "कोन पडलं काविळीनं?" असं विचारून मग दाखवतो. मी त्याच घराची धाकटी सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, गावातल्या निम्म्या लोकांना बाराखडी माझ्याच हातची. पण माझ्याकडे कोणाला यायचं असलं तरी "माळवाल्या बाईच्या बाजूचं घर" असंच म्हणावं लागतं. याचा मला राग यायचा, आणि तो मी कधी लपवला नाही.

बायजाबाई माझी मोठी जाऊ. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला सुशीला. अंगण एक, चुली दोन. आमच्यात भांडणं झाली ती बहुतेक माळेवरून झाली.

माळ म्हणजे काय, तर तलावाच्या पाळीवर एक झुडूप उगवतं. त्याच्या कोवळ्या काड्या नखाएवढ्या तोडायच्या आणि कच्च्या सुतात एकेक गाठ मारून ओवायच्या. रविवारी सकाळी उपाशीपोटी आलेल्या रोग्याच्या डोक्यावर ती टोपीसारखी बसवायची. दिवस जातात तशी माळ वाढत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि कमरेपर्यंत आली की पायांतून काढून तलावात टाकायची. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. तोवर तेल नाही, दारू नाही, उन्हात कामाला जाणं नाही. बाई याचे पैसे घेत नाहीत. रोग्याच्या घरचा चहासुद्धा त्यांना चालत नाही.

छप्पन साली आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव तलावात गेले. सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. माळ त्यांनी माहेराहून आणली होती. त्यांनी मंत्र सोडला आणि माळ ठेवली. माळ झाडाची आहे, देवाची नाही, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर सासऱ्यांसारखा कडक माणूस गप्प बसला, तर माझं काय चालणार होतं?

खरं सांगायचं तर माळेनं बाईंना उभं केलं. माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, तरणेताठे असताना गेले. बाई लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायच्या, निंदायला जायच्या, एकट्यानं मुलाला, अश्विनला वाढवायच्या. त्यांना रोजीवाली म्हणून हाक यायची. मग सासूबाईंनी मरताना माळ बाईंच्या हातात दिली आणि हाक मारणाऱ्यांचा सूर बदलला. ज्या घरच्या लोकांनी आमच्या सासूच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यांची नातवंडं आमच्या अंगणात मान वाकवून बसू लागली. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आणि ती मंडळी खाली दगडी फारीवर. तो थाट बघायला मला आवडायचा. तेवढ्यापुरती मी माळेला माफ करत असे.

एक गोष्ट मात्र गावानं बाईंना माफ केली नव्हती. पलीकडच्या गल्लीतला केवळराम, चांगला म्हातारा माणूस, पिवळा होऊन आला तेव्हा बाईंनी त्याला माळ बांधली नाही. "दवाखान्यात जा," एवढंच म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आमचं आणि त्यांचं वाजलं होतं, म्हणून बाईंनी दावा साधला असं लोक बोलले. मलाही तसंच वाटलं. केवळराम पुढचा पावसाळा काही बघू शकला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावात तपासणी शिबिर झालं. बाई गंमत म्हणून बोट टोचून घ्यायला गेल्या आणि शुगर घेऊन परत आल्या. बाईंच्या माहेरी कुणाला शुगर नाही. बाईंना गोड फार. चहात साखर घालायची नाही म्हटल्यावर त्यांनी तपासणाऱ्या पोरीलाच नावं ठेवली. पण गोळी सुरू केली, आणि अंग उतरू लागलं. दंडातली चोळी सैल झाली. बाई मला दंड दाखवून म्हणायच्या, "पाय, तुह्यापेक्षा पोरगी दिसून राहिली का नाई?" मीही चिडवायचे की आता दुसरं लग्न लावून देते. शुगरची गोळी लागू पडली, गोड सोडल्यानं वजन गेलं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

रोवणीच्या दिवसांत त्यांची पाठ धरली. पोटाच्या वरच्या अंगाला दुखायचं आणि ते आरपार पाठीत जायचं. उताणं झोपलं की जास्त. मग त्या उशी पोटाशी घेऊन पुढे वाकून बसायच्या, तेव्हा जरा बरं वाटायचं. आता रोवणीत कुणाची पाठ दुखत नाही? अश्विननं मलम आणलं, सुनेनं, प्रतिक्षानं, शेक दिला. जेवण अर्ध्यावर आलं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायच्या. मी म्हटलं, वय झालं. मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं आणि मी नागपूरला गेले.

परत आले तेव्हा धान पोटरीवर आलं होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि बाईंनी वर पाहिलं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा. हातांवर खाजवून खाजवून ओरखडे उठलेले. आणि गळ्यात माळ.

"हे कधीपासून?" मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"झाले काई दिवस. उतरून राहिली. पाय, छातीवर आली."

बांधणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर माळ बसवायची नाही असा नेम आहे. म्हणून बाईंनी काड्या ओवून दिल्या होत्या आणि डोक्यावर बसवायला प्रतिक्षाला लावलं होतं. ही दुसरी माळ. पहिली कमरेपर्यंत उतरून तलावात गेली होती आणि कावीळ जिथल्या तिथे होती. प्रतिक्षा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, महिना व्हत आला. मी म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हन्तात लोकं काय म्हन्तीन. माळवाली बाईच दवाखान्यात गेली म्हन्तीन." अश्विनला वरठीच्या कारखान्यात दिवसपाळी-रातपाळी; माय दुखत नाही म्हणते, तापही नाही, तर त्यानं माळेवर सोडलं होतं. वाढला आहेच तो माळेखाली.

मला इतका संताप आला की मी ओरडलेसुद्धा नाही. टोपलीत पुढच्या रविवारसाठी ओवलेली एक माळ होती. ती उचलली आणि पडवीतल्या खुंटीला अडकवली. खाली भिंतीवर कोळशानं रेघ मारली. बाई बघत होत्या. दुसऱ्या दिवशी माळ रेघेच्या चांगली खाली लोंबत होती. मी बाईंना हाताला धरून खुंटीपुढे नेलं.

"या भिंतीची कावीळ उतरली वाटते," मी म्हटलं.

बाईंनी माळेकडे पाहिलंच नाही. ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "हे मले माहीत हाये, सुशीला. काडी वाळते, गाठ ढिली होते, माळ लांबते. आपल्या सासूनंच दाखवलं होतं."

मी जन्मभर ज्या गोष्टीवरून त्यांच्याशी वाद घातला ती त्यांनी अशी एका दमात कबूल केली.

"मग कायले बांधता लोकांले?"

"माळ गळ्यात असली तं मानूस घरी बसते. तेल सोडते, दारू सोडते. दवाखान्यातला डॉक्टर सांगते तं आयकत नाई, माळेले भेते. पंधरा दिवस आराम भेटला का बहुतेक लोकं आपोआप चांगले होतात. मंग काय बिघडलं?"

"मग तुम्ही चांगल्या काहून नाही झाल्या?"

 त्या हात खाजवत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी या घरात इतकी वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी माळ देताना एक बजावलं होतं. म्हातारं माणूस असेल, ताप आला नसेल, पोटात फारसं दुखत नसेल आणि तरी पिवळं झालं असेल, वाळत चाललं असेल, तर त्याला माळ बांधायची नाही. ती कावीळ माळेची नाही. तो माणूस वाचत नाही आणि माळेचं नाव जातं.

"केवळरामले त्याच्याचसाठी नाई बांधली," बाई म्हणाल्या. "तो धुऱ्याचा राग नव्हता."

मला आधी सासूबाईंचाच राग आला. नेम चांगला, पण राखला कशासाठी? माणसासाठी नाही, माळेच्या नावासाठी. केवळरामला कारण सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. त्याला वाटलं दावा साधला, आणि तो दुसऱ्या गावच्या माळवाल्याकडे गेला. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि वेगळंच विचारलं.

"बाई, तुम्हाला ताप आला होता?"

"नाई."

"लघवी कशी होते?"

"चहावानी."

"आणि शौचाला?"

त्यांनी मान खाली घातली. "पांढरी. मातीवानी. पान्यावर तरंगते."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. नेम त्यांनीच मोडला होता, स्वतःपुरता. दवाखान्यात जायचं म्हणजे केवळरामच्या रांगेत जाऊन बसायचं, आणि गावानं ते बघायचं. त्यापेक्षा त्यांनी सुतात काड्या ओवल्या. मला त्यांचा राग आला, दया आली, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी नुसती त्यांच्या गळ्यातली माळ काढून घेतली. त्यांनी काढू दिली.

अश्विननं सुट्टी टाकली. भंडाऱ्याला रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरानं यंत्र पोटावर एका ठिकाणी पुन्हा पुन्हा फिरवलं आणि सरळ नागपूरला जायला सांगितलं. तिथं सीटी स्कॅन झालं, आणखी तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. बाईंना बाहेर थांबवू का, असं त्यांनी विचारलं. बाईच म्हणाल्या, "मले आयकू द्या. माह्याच पोटातलं हाये."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून एक अवयव असतो, स्वादुपिंड. अन्न पचवणारा रस तो करतो, आणि शुगर ताब्यात ठेवतो. त्याच्या डोक्याच्या बाजूला पित्ताची नळी चिकटून जाते. तिथंच गाठ झाली आहे, कॅन्सरची. गाठीनं नळी दाबली, पित्त आतड्यात जायचं थांबलं आणि रक्तात शिरलं. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज.

"ताप नसताना, दुखत नसताना कावीळ झाली की लोकांना वाटतं साधी आहे," त्या म्हणाल्या. "खरं तर या वयात तीच जास्त काळजीची. काही वेळा खडा निघतो, दुसरंही काही निघतं. दर वेळी कॅन्सर असतो असं नाही. पण ते पोटात बघितल्याशिवाय कळत नाही. अशा माणसानं एक आठवडाही थांबू नये."

मग त्यांनी मागचं विचारलं, आणि मी एकेक सांगत गेले. शुगर म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. घराण्यात नसताना उतारवयात एकाएकी शुगर निघते आणि वजनही उतरत जातं, तेव्हाच डॉक्टरला सांगायला हवं, त्या म्हणाल्या. पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकलं की कमी होणारं दुखणं तसंच. मला बाईंचा तो पुढे केलेला दंड आठवला. आम्ही त्यावर हसत होतो.

"आधी आलो असतो तं?" अश्विननं विचारलं.

"गाठ काविळीच्या आधीपासून होती. एका महिन्यानं किती फरक पडला ते छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण या आजारात महिना लहान नसतो." गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला टेकली होती, त्यामुळे लगेच ऑपरेशन करता येत नव्हतं. आधी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट बसवायचा, म्हणजे कावीळ उतरेल. मग केमो. मग पुन्हा स्कॅन, आणि गाठ मागे सरली तर ऑपरेशनचं बघता येईल. सरली नाही तर काय, ते त्यांनी आम्ही विचारल्यावरच सांगितलं. आयुष्य थोडं उरेल, ते कमी त्रासाचं करायचा आम्ही प्रयत्न करू, असं सांगितलं.

परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाल्या, "गावात कोनाले सांगू नोको."

स्टेंट बसला. काही दिवसांत खाज गेली, डोळे हळूहळू निवळले, आणि बाई पांढऱ्याशुभ्र डोळ्यांनी अंगणात येऊन बसल्या. मग जे झालं त्याचा मी विचारही केला नव्हता. गावानं ठरवून टाकलं की बायजाबाईनं आपली कावीळ आपणच उतरवली. दोन माळांत. नागपूरला काय, माझ्या लेकीकडे हवापालट करायला गेली असेल. दिवाळीनंतर रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा राहिना. मोहाडीहून, तुमसरहून लोक येऊ लागले. बाई नागपूरला केमो घेऊन यायच्या, चार दिवस पडून राहायच्या, उलट्या करायच्या आणि रविवारी डोक्याला रुमाल बांधून खुर्चीवर येऊन बसायच्या. रुमालाखालचे केस गळत होते. प्रतिक्षा काड्या तोडून द्यायची.

मी एकदा चांगलंच सुनावलं. "बाई, हे लोक तुमच्या पोटातल्या नळीला माळ समजून राहिले."

"समजू दे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर तरी कोनी म्हनू नये का आपल्याच माळेनं मेली."

जिचं सगळं जाऊ लागलं आहे तिच्याजवळचं नावही काढून घ्या म्हणणं मला जमेना. आणि न म्हणणंही पटत नव्हतं. दर रविवारी मी पडवीत बसून येणाऱ्यांचे डोळे बघत असे, आणि कोणी पांढऱ्या केसांचा दिसला की पुढे सरकून बसत असे.

ज्याची भीती होती तो आलाच. थंडी पडली होती. भंडाऱ्याहून एक गाडी आली आणि तीतून भैय्याजी उतरले. पितळी भांड्यांचं मोठं दुकान आहे त्यांचं. माझ्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड त्यांच्याच दुकानचा. तेव्हाचा तो भरल्या अंगाचा माणूस आता मुलाचा, कुलदीपचा, खांदा धरून चालत होता. सदरा अंगावर लोंबत होता. डोळे पिवळे. बसल्या बसल्या ते मनगट खाजवत होते.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा टोपलीतला हात तिथंच थांबला.

"ताप आला होता काय?"

"नाही मावशी," कुलदीप म्हणाला. "ताप नाही, पोटही दुखत नाही बाबांचं. म्हणून तर दवाखान्यात नाही नेलं. आणि तुम्ही स्वतःची उतरवली हे सगळ्या भंडाऱ्यात माहीत झालं आहे. बाबा म्हणाले, मला तिथंच ने."

अंगणात लोक बसले होते. सगळे कौतुकानं बाईंकडे बघत होते. भैय्याजींनी माळेसाठी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बाईंनी टोपली पायानं बाजूला सारली.

"मी नाई बांधत."

कुलदीपचा चेहरा पडला. "काहून मावशी? आमचं काही चुकलं का?"

मला केवळराम आठवला. तोही अशीच टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी उठून उभी राहिले, कारण आता मीच बोलणार होते. बाईंनी हातानं मला थांबवलं. मग डोक्याचा रुमाल सोडला. अंगणातल्या लोकांनी ते बिनकेसांचं डोकं पाहिलं.

"माही कावीळ माळेनं नाई उतरली," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या माणसापर्यंत पोचत होता. "नागपूरले पोटात नळी टाकली, तवा उतरली. आत कॅन्सरची गाठ हाये. अजून हाये. मी महिनाभर माळ बांधून बसली, नावासाठी." त्या भैय्याजींकडे वळल्या. "तुमाले तेच हाये असं मी म्हनत नाई. मी डॉक्टर नोहो. पन आजच्या आज जा, पोट दाखवा. उद्यावर टाकू नोका."

भैय्याजींच्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण बाई," ते म्हणाले, "मला तर ताप पण नाही."

बाईंनी खुर्चीवरून वाकून त्यांची टोपी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"मले बी नव्हता आला," त्या म्हणाल्या.